बंगळूरचा सामना आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत खमरिया येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा इतिहास यांच्या पंगतीत क्रिकेटच्या एका सामन्यासाठीही पाट मांडावा, ही आपल्या कार्यकारिणीची उदारबुद्धी होय. विषय जाहीर झाल्यावर काही ज्येष्ठांनी भुवया उंचावल्याचे आमच्या कानी आले. त्यांना आमची विनंती एवढीच, की निदान पहिला डाव संपेपर्यंत तरी त्यांनी जागा सोडू नये.

सामना आपणा सर्वांस ठाऊक आहे. २२ ते २६ जून २०२२ या पाच दिवसांत बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला तोपर्यंत एक्केचाळीस वेळा करंडक जिंकलेली मुंबई, दुसऱ्या बाजूला तो एकदाही न जिंकलेला मध्य प्रदेश. मध्य प्रदेशाने सहा गडी राखून विजय मिळविला. मैदान दोघांनाही परकेच होते. पण मुंबईच्या संघाला अंतिम सामन्यात परके वाटावे असे मैदान हिंदुस्थानात क्वचितच असेल. परमुलुखात जाऊन, बलाढ्याला त्याच्या सवयीच्या जागेवरून उठविण्याचे काम मध्य प्रदेशाच्या मुलांनी केले. ते त्यांनी कसे केले, आणि त्या पाच दिवसांत आपल्या घरांतून काय घडले, या दोहोंविषयी आज बोलावयाचे आहे.

दुसरी गोष्ट आधी सांगतो. आपली खमरियाची वस्ती कारखान्याच्या भोंग्याभोवती वाढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे अंबरनाथ, खडकी, वरणगाव, भंडारा अशा ठिकाणांहून बदलीच्या हुकुमाबरोबर मराठी कुटुंबे येथे येत राहिली. येताना लोणच्याच्या बरण्या आणल्या, तशा क्रिकेटमधल्या निष्ठाही आणल्या. त्या निष्ठाही एक नव्हेत. महाराष्ट्र राज्यातून रणजीला मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात, त्यामुळे ‘मराठी माणसाचा संघ कोणता’ या प्रश्नाला महाराष्ट्रातच एक उत्तर नाही. अंबरनाथकर मुंबईचे, खडकीकर महाराष्ट्राचे, भंडारेकर विदर्भाचे. भंडारेकरांना तर २०१८ च्या पहिल्या दिवशी विदर्भाने पहिल्यांदा करंडक जिंकला तोच मुळी आपल्या इंदूरच्या होळकर मैदानावर, दिल्लीला नऊ गडी राखून हरवून. त्याचा अभिमान त्यांनी अजून खाली ठेवलेला नाही.

मात्र येथे जन्मलेल्या पिढीची गोष्ट निराळी. या मुलांनी राइट टाउनच्या स्टेडियमची धूळ खाल्ली, शाळेच्या संघातून सागर-शहडोलकडे सामने खेळले, आणि मध्य प्रदेश हाच त्यांचा संघ झाला. एरवी हा भेद उघडा पडत नाही. मुंबई कोठेतरी बडोद्याशी खेळते, मध्य प्रदेश कोठेतरी केरळाशी, आणि घरात शांतता नांदते. त्या जूनमध्ये मात्र दोघे समोरासमोर आले, आणि पन्नास वर्षे आपण जो प्रश्न टाळीत आलो तो दिवाणखान्यात येऊन बसला.

या प्रश्नाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. रणजीत या प्रदेशाचे नाव प्रथम गाजविले ते इंदूरच्या होळकर संघाने. यशवंतराव होळकरांचा आश्रय आणि नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंचे नेतृत्व यांच्या बळावर या संघाने १९४४–४५ ते १९५४–५५ या अकरा मोसमांत दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. या संघातले मुश्ताक अली सर्वांना आठवतात. पण भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे ही नावेही त्याच संघातली. आणि चंदू सरवटे तर आपल्या शेजारच्या सागरात जन्मलेले. १९४६ साली ओव्हलवर सरे परगण्याविरुद्ध शेवटच्या जोडीने २४९ धावांची भागीदारी केली, त्यातले एक शुटे बॅनर्जी आणि दुसरे हे सागरचे सरवटे. परमुलुखातल्या पराक्रमाची आपल्या भागाला सवय नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

होळकरांची आणि मुंबईची पहिली अंतिम लढत १९४५ साली ब्रेबर्न मैदानावर झाली. महूच्या छावणीत सैनिक म्हणून आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि शेवटच्या डावात नाबाद २४९ धावा करूनही संघाला वाचवू शकला नाही. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. हा आकडा लक्षात ठेवावा. सत्त्याहत्तर वर्षांनी बंगळूरला मुंबईचा पहिला डाव संपला तोही ३७४ वरच. आम्ही ज्योतिषावर विश्वास ठेवीत नाही, पण धावफलकावर ठेवतो.

होळकर संघ गेला, संस्थाने विलीन झाली, मध्य प्रदेशाचा संघ आला, आणि दीर्घकाळ त्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही. अपवाद १९९८–९९ च्या मोसमाचा. त्या वेळी मध्य प्रदेशाचा कर्णधार होता मुंबईहून आलेला यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित. अंतिम सामना कर्नाटकाशी, आणि तोही याच चिन्नास्वामी मैदानावर. पहिल्या डावात मध्य प्रदेशाने ७५ धावांची आघाडी घेतली. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो, हे आपण जाणताच. म्हणजे शेवटच्या दिवशी केवळ तग धरावयाचा होता. ते जमले नाही. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे संघ १५० धावांत कोसळला आणि ९६ धावांनी पराभूत झाला. ७५ धावांची आघाडी हातात असून करंडक गेला, ही गोष्ट पंडितांच्या मनात तेवीस वर्षे राहिली असणार. २०२२ साली ते याच संघाचे प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर उतरले, हा संदर्भ सोडून या सामन्याचा अर्थ लागत नाही.

आता सामन्याकडे वळू. नाणेफेक मुंबईने जिंकली आणि फलंदाजी घेतली. खेळपट्टी चांगली होती. पहिल्या दिवसअखेर मुंबई ५ बाद २४८. यशस्वी जयस्वालच्या ७८, पृथ्वी शॉच्या ४७. जम बसलेले फलंदाज मोठी खेळी न करता परतले, आणि येथेच आमच्या मते मुंबईचा पहिला दोर तुटला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाच गड्यांनी १२६ धावांची भर घातली, त्यांतल्या ९४ एकट्या सर्फराझ खानच्या होत्या. त्याच्या १३४ धावांची ती खेळी त्या मोसमातल्या त्याच्या ९८२ धावांचा कळस म्हणावी अशी होती. परंतु दहा जणांचे काम एकाने करावे लागणे हे मुंबईचे लक्षण नव्हे. गौरव यादवने चार आणि अनुभव अगरवालने तीन गडी टिपले. यादवचे चार गडी १०६ धावांत पडले, ते वेगापेक्षा चिकाटीने. एका टप्प्यावर चेंडू ठेवीत राहावयाचे आणि फलंदाजाला कंटाळा येऊ द्यावयाचा, ही त्याची रीत.

यानंतर जे घडले तो या सामन्याचा गाभा, आणि तो पाहताना ज्यांना डुलकी लागली त्यांना आम्ही दोष देत नाही. सत्तेचाळीस धावांवर पहिला गडी बाद झाल्यावर यश दुबे आणि शुभम शर्मा एकत्र आले. दुसऱ्या दिवसअखेर १ बाद १२३. तिसऱ्या दिवशीही तेच दोघे, त्याच चालीने. दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी २२२ धावा जोडल्या. दुबेच्या १३३ धावांना ३३६ चेंडू लागले. वीस षटकांच्या खेळावर वाढलेल्या आजच्या प्रेक्षकाला हा आकडा छापण्यातली चूक वाटेल. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी याच मैदानाच्या बंगळूर संघाकडून रजत पाटीदारने आयपीएलच्या बाद फेरीत नाबाद ११२ धावांचा पाऊस पाडला होता. आणि आता तोच पाटीदार पॅड बांधून तासन् तास बसला होता, दुबे एकेक चेंडू खाली दाबून मारीत होता.

या फलंदाजीला मुंबईच्या मैदानी भाषेत एक शब्द आहे: खडूस. आपली विकेट फुकट द्यावयाची नाही, समोरच्याला थकवावयाचे, आणि धावा मागून आपोआप येतील असा भरवसा ठेवावयाचा. ही मुंबईची शिकवण. १९७१ साली ओव्हलवर वाडेकरांच्या संघाला जिंकावयास १७३ धावा हव्या होत्या, आणि त्या काढावयास शंभराहून अधिक षटके लागली. पण इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय त्यातूनच आला. बंगळूरला तिसऱ्या दिवसभरात मध्य प्रदेशाने दोन गडी गमावून २४५ धावा केल्या, तेव्हा आम्हांला राहून राहून वाटत होते की दादर-माटुंग्याचे क्रिकेट आपण पाहत आहोत, फक्त टोप्यांचा रंग बदलला आहे.

तिसऱ्या दिवसअखेर ३ बाद ३६८. आघाडीला सात धावा हव्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या, आणि व्यवहारात करंडक मध्य प्रदेशाकडे झुकला. येथे एखादा संघ सैल पडला असता. पण पाटीदारने १२२ केल्या, आणि खाली सारांश जैनने शेपटाला हाताशी धरून ५७ धावांची जी खेळी केली तिला आम्ही शतकाइतकेच मोल देतो. डाव ५३६ वर संपला. म्हणजे १६२ धावांची आघाडी, आणि १७७ षटकांहून अधिक काळ मुंबईचे क्षेत्ररक्षक उन्हात. आघाडी मिळाल्यावरही हे लोक का थांबले नाहीत, याचे उत्तर आमच्या मते १९९९ सालात आहे. ७५ पुरत नाहीत, हे ज्याने स्वतः कर्णधार असताना पाहिले तो १६२ झाल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही.

मग मुंबईपुढे मार्ग एकच उरला: भराभर धावा करून काहीतरी लक्ष्य ठेवावयाचे आणि उरलेल्या वेळात दहा गडी बाद करावयाचे. यष्टिरक्षक हार्दिक तामोरेला सलामीला पाठविले, त्यावरूनच घाई दिसली. चौथ्या दिवसअखेर २ बाद ११३, आणि पाचव्या दिवशी उरलेले आठ गडी १५६ धावांत परतले. डाव २६९ वर संपला, षटके साडेसत्तावन्न. षटकामागे साडेचारांहून अधिक धावा, म्हणजे पहिल्या डावातल्या चालीच्या दीडपट. या घाईचा लाभ घेतला डावखुऱ्या कुमार कार्तिकेयने. पहिल्या डावात १३३ धावा देऊन त्याला एकच बळी मिळाला होता. दुसऱ्यात ९८ धावांत चार. फटके बसले तरी त्याने चेंडूला उंची देणे सोडले नाही.

या मुलाविषयी दोन शब्द अधिक बोलणे आम्हांला भाग आहे, कारण तो आपल्या जातीचा, म्हणजे पाळीवर काम केलेला आहे. उत्तर प्रदेशातले घर सोडून तो पंधराव्या वर्षी दिल्लीला गेला, गाझियाबादजवळच्या कारखान्यात रात्रपाळी केली, दिवसा सराव केला, आणि काही करून दाखविल्याशिवाय परतावयाचे नाही म्हणून नऊ वर्षे घरी गेला नाही. पुढे आपल्या शेजारच्या शहडोलकडून खेळत तो मध्य प्रदेशाच्या संघात आला. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला दिवसा झोप न घेता काय करता येते आणि काय नाही, हे खमरियात समजावून सांगण्याची गरज नाही.

जिंकण्यासाठी १०८ धावा. चार गडी गेले, पण पाटीदार नाबाद राहिला आणि कर्णधार आदित्य श्रीवास्तव शेवटी त्याच्या जोडीला होता. शुभम शर्मा सामनावीर ठरला.

मुंबईच्या बाजूने एक युक्तिवाद आमच्यापुढे वारंवार केला गेला: रोहित शर्मा नव्हता, श्रेयस अय्यर नव्हता, सूर्यकुमार नव्हता, मग हा कसला पराभव? हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. मध्य प्रदेशाचेही आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर होते. आणि मोठे खेळाडू नसतानाही जिंकणे हीच तर मुंबईची ख्याती. त्याच मोसमात उपान्त्यपूर्व फेरीत याच मुलांनी उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवून जागतिक विक्रम केला होता. संघ दुबळा नव्हता. आपले जुने शस्त्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती पाहून तो गोंधळला.

ते शस्त्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती कसे गेले, ते दोन्ही तंबूंत डोकावल्यास कळते. मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मुंबईचे अमोल मुजुमदार. आणि दोघेही शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकरांचे शिष्य. पंडितांनी आधी मुंबईला प्रशिक्षक म्हणून करंडक मिळवून दिला, मग विदर्भाला सलग दोनदा, आणि आता मध्य प्रदेशाला. एका माणसाने घरची विद्या तीन घरी नेऊन दिली. उलट मुंबईच्या संघात पाहावे, तर सलामीचा जयस्वाल भदोहीहून लहानपणी आलेला. मराठीविरुद्ध हिंदी असा हा सामना मांडणाऱ्यांना मुंबईच्या संघात हिंदी घरातला मुलगा आणि मध्य प्रदेशाच्या तंबूत मराठी गुरू सापडतो. बदलीच्या हुकुमावर किंवा पोटासाठी मुलूख बदललेल्यांचाच हा सामना होता, आणि त्या अर्थाने दोन्हीकडे आपलेच लोक होते.

आमच्या रांगेत अंबरनाथहून आलेले एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. मुंबईच्या पराभवाचे त्यांचे दुःख पिढीजात. त्या रविवारी आम्ही चारपाच जण त्यांच्याकडेच सामना पाहावयास बसलो होतो. शेवटची धाव निघाली आणि त्यांची शाळकरी नात ओरडली, “आजोबा, हम जीत गए!” घरात मराठीच बोलावयाचे हा त्यांचा दंडक. ते सवयीने म्हणाले, “मराठीत सांग.” ती म्हणाली, “आपण जिंकलो.” त्यावर ते काही बोलले नाहीत. ‘आम्ही जिंकलो’ म्हणाली असती तर ते वादाला तयार होते. ‘आपण’ने त्यांची वाट अडविली. थोड्या वेळाने उठून त्यांनी आतून चिवड्याचा डबा आणला आणि म्हणाले, “दुबे चांगला खेळला. पण सर्फराझला साथ मिळायला हवी होती.” आमच्या मते त्या दिवशीच्या सामन्याचे याहून नेमके समालोचन कोणी केले नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये मुंबईने वानखेडेवर विदर्भाला हरवून बेचाळीसावा करंडक घेतला. भंडारेकरांनी आठवडाभर आमच्याशी बोलणे टाकले, आणि २०२५ मध्ये विदर्भ पुन्हा विजेता ठरल्यावर ते सुरू केले. पाटीदारने त्याच वर्षी बंगळूरला कर्णधार म्हणून आयपीएल जिंकून दिली. मुजुमदारांच्या मार्गदर्शनाखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा या सभागृहात दोन तट नव्हते.

मुंबई आणि मध्य प्रदेश मात्र १५ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा अंतिम सामन्यात समोरासमोर आले, पुन्हा चिन्नास्वामीवरच, वीस षटकांच्या स्पर्धेत. पाटीदारने नाबाद ८१ धावा केल्या, तरी मुंबईने पाच गडी राखून सामना जिंकला. करंडक होता होळकरांच्या मुश्ताक अलींच्या नावाचा, आणि तो मुंबईला गेला. अंबरनाथकर आजोबांनी पेढे आणले. नातीने दोन घेतले, आणि पाटीदारला समोरून साथ मिळाली नाही, असे तिने त्यांना ऐकविले.